धारगळ ते पेडणे, पायी

"टीचर, घरात तुमचं कुणाशी पटत नाही म्हणून तुम्ही रोज शाळेत चालत येता का?"

विचारलं मी. नववीच्या अख्ख्या वर्गासमोर उभी राहून, आवाज जराही न कापता विचारलं. शीतल आणि गंगाने एका लिंबूसोड्यावर पैज लावली होती, की क्षमा, म्हणजे मी, विचारणार नाही, तिची हिंमतच होणार नाही. खरं सांगायचं तर सोड्याची मला तेवढी पर्वा नव्हती. त्या दिवसांत मला नुकताच शोध लागला होता की तोंड उघडलं की माझ्या मनातलंच बाहेर येतं आणि तरीही आभाळ कोसळत नाही. त्या शोधाची मला सवय लागली होती. सत्यवती टीचर आम्हांला भूगोल शिकवायच्या. राहायला आमच्या धारगळात, भावाच्या घरी. शाळा पेडण्याला, सहा किलोमीटर. गेली अकरा वर्षं त्या पहाटे पावणेसहाला निघत आणि चालत शाळेत पोचत. गावात याची कारणं होती, एकापेक्षा जास्त होती. कुणी म्हणे भावजयीचं तोंड बघायला नको म्हणून, कुणी म्हणे नवस आहे, आणि माझे बाबा म्हणत, "त्या टीचरीन माझ्या गाडयेत कधी पाय घालूक नाय, तिका गाडयेचो वास सोसना नाय." गाडी म्हणजे बाबांची बस. मालक म्हापशाचा, पण गावासाठी ती जयराम ड्रायव्हरची गाडी.

टीचरनी खडू खाली ठेवला. मला वाटलं, आता हाताला रूळ. पण त्यांनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "तू जयराम ड्रायव्हरची ना? किती वर्षं या रस्त्यानं येतेस?"

"पाचवीपासून, टीचर."

"मग टपालपेटीच्या थांब्यानंतर चढ लागतो. त्या चढावर उजव्या हाताला काय आहे?"

वर्ग हसला नाही, हेच वाईट. सगळे खरोखर उत्तराची वाट बघत होते. ड्रायव्हरच्या मुलीला रस्ता माहीत नसेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच आतून काही आलं नाही. डोळ्यांपुढे चढ आला, पण तो चढ नव्हताच. ती एक घरघर होती, तिसऱ्यातून दुसऱ्यात पडणाऱ्या गिअरची. उजव्या हाताला बाबांचं कोपर होतं. मी कायम इंजिनाच्या झाकणावर बसते, बाबांच्या बाजूला, रेक्झिनची गादी घातलेल्या त्या उंचवट्यावर. ड्रायव्हरच्या मुलीची ती राखीव जागा. तिथून मला रस्ता मांड्यांनी कळतो. गादी तापली की टपालपेटी आली, थरथर वाढली की चढ, मग एकदम हलकं वाटलं की उतार आणि पेडणं. बाकी शाळेत येईपर्यंत मी चालू असते बोलत, पांडुरंगकाकांशी, म्हणजे कंडक्टरांशी, नाहीतर बाजारच्या बायकांशी. पाच वर्षं, दिवसाला दोन खेपा. त्या चढावर उजव्या हाताला काय आहे? "झाडं," मी म्हटलं.

"जा, बघून ये," टीचर म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या. नदीचं खोरं, खोऱ्याचे प्रकार.

त्या दिवशी दुपारी घरी जाताना मी मुद्दाम त्या बाजूला बघत बसले, परतताना ती डावीकडे येते, तर समोरून ट्रक आला, बाबांनी गाडी कडेच्या झुडपांत घेतली आणि तोवर तो उतार संपून गेला. हे मला असं झोंबलं की सांगता येत नाही. कुणीतरी माझ्याच कपाटातला खण दाखवून म्हणावं, हा उघड, आणि तो आपल्याला उघडता येऊ नये. जेवताना लक्ष नव्हतं, आई म्हणाली, "काय गे, मास्तरणीन मारल्यान?" मी म्हटलं नाही. आणि साडेचारला चपला घातल्या. फेब्रुवारीचा शेवट होता, काजूला मोहोर आलेला, त्याचा तो गोड आणि जरा आंबूस वास. बस त्या वासातून जाते तेव्हा तो एकदा येतो आणि सुटतो. चालताना तो जातच नाही. आधी मला कंटाळा आला, म्हणजे लगेचच, दुसऱ्या वळणावर. रस्ता इतका हळू जातो हे मला माहीत नव्हतं. मोरीचा कठडा येतो म्हणता म्हणता येईचना. आणि आला तेव्हा मी थांबले, कारण त्यावरची अक्षरं मी आजवर फक्त रंग म्हणून पाहिली होती. दोन वर्षांपूर्वी गोव्याची राजभाषा कोणती यावरून पेटलं होतं, तेव्हाच्या घोषणा. खाली मराठीची, तिच्यावर कोकणीची, तिच्यावर पुन्हा मराठीची, आणि सगळ्यांत वर घटक राज्याच्या अभिनंदनाची, अर्धी सोललेली. त्या काळात आमच्या गाडीत काय भांडणं झाली! आपण घरात बोलतो ती कोकणी की मराठी, यावरून एका म्हाताऱ्याने दुसऱ्याच्या छत्रीची काडी मोडली होती, आणि दोघे ज्यात भांडत होते ती एकच बोली होती. पांडुरंगकाका मध्ये उभे राहून म्हणायचे, "भास कंची ती मागीर ठरवा, आधी तिकीट काडा." आणि आता मी तिथे उकिडवी बसून बघते तर सगळ्या घोषणांमधला 'ळ' एकसारखा, खालची शेपटी जरा जास्तच वळवलेली. एकाच माणसाने रंगवल्या होत्या सगळ्या! दोन्ही बाजूंनी त्यालाच बोलावलं असणार. मी रस्त्यात एकटी मोठ्याने हसले, आणि समोरून सायकलवर येणारा पोदेर पावाची टोपली सावरत वळून बघू लागला.

मग टपालपेटी, मग चढ. बाबा जिथे गाडी दुसऱ्यात टाकतात तिथेच माझ्या पोटऱ्याही दुसऱ्यात गेल्या. हे मात्र मला फार आवडलं. आणि उजव्या हाताला, काजूंच्या मागे, लाल मातीचा ढीग होता आणि त्याच्यामागे एक माणूस छातीइतका जमिनीत उभा होता. विहीर खणत होता. वर त्याची बायको टोपली ओढून घेत होती.

"किती हात झाली?" मी विचारलं, मला विहिरीतलं फार कळत असल्यासारखं.

"तीन," तो म्हणाला. "तू खंयचा गे चेडू?"

"धारगळचा. पाणी कधी लागात?"

"उद्या," तो म्हणाला आणि बायको फिस्सकन हसली. त्याचं नाव सखाराम, सावंतवाडीकडचा. हे 'उद्या' त्याने नंतर मला रोज ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हात वर केला. "टीचर, विहीर." टीचरनी मान हलवली, इतकंच. मी थांबले होते की त्या आणखी काही म्हणतील. सुट्टीत मी त्यांना गाठलं आणि म्हटलं, उद्यापासून मी येऊ का तुमच्याबरोबर सकाळी? "नको," त्या म्हणाल्या. "दोघी असलो की बोलत राहू. मग तुझी बसच झाली की ती." मला राग आला. पण घरी जाताना कळलं, की त्यांनी मला नाही म्हटलं ते मोठ्या माणसाला म्हणावं तसं म्हटलं होतं.

आता खरी गोष्ट सांगते. चौथ्या दिवशी मी गेले नाही. पाचव्याही नाही. लोकांना वाटतं माझ्यासारख्या मुलीला उत्साहाची काय कमी. उत्साह आहे, भरपूर आहे, पण तो पाहुण्यासारखा येतो, आणि रोज साडेचारला दारात पाहुणा कसा येणार? साडेचारला येतं ते म्हणजे ऊन, गणिताचा गृहपाठ, डाव्या अंगठ्याला चपलेने केलेला फोड, शेजारच्या गायीने दोरी तोडली ती बघायला जाणं. मी खाटेवर पडून जनेलातून आमच्या दारापुढचा रस्ता बघायची आणि मला स्वतःबद्दल चमत्कारिक भीती वाटायची. वर्गात उभी राहून काहीही विचारू शकणारी ती मुलगी दुसरीच कुणीतरी असेल तर? ती पैजेवर चालत असेल, समोर शीतल-गंगा असल्या की उभी राहत असेल, आणि कुणी बघत नसलं की खाली बसत असेल, तर? बघणारं कुणी नाही आणि मी एकटी आहे, अशा वेळी मी कोण असते हे मला ठाऊकच नव्हतं. उजव्या हाताला काय आहे, ते जसं ठाऊक नव्हतं. मग मी उठायची. केवळ त्या भीतीने चपला घालायची आणि स्वतःला सांगायची, मोरीपर्यंत जाऊ, मोरीपर्यंतच. मोरीपाशी पोचलं की विहीर राहूनच गेल्यासारखी वाटायची. सहा हात झाली असेल का? जांभा लागला असेल का? सखाराम आता दिसायचाच नाही, नुसता आवाज वर यायचा, "इलंय गे?" आणि मी कडेला पोटावर झोपून खाली बघायची. वरून तो एक डोकं आणि दोन हात. खालून येणारी हवा थंड, ओल्या पाटीच्या वासाची. "उद्या लागात," तो खालून म्हणायचा. त्यानंतर मी त्या 'उद्या'च्या मागे चौदा दिवस चालले, न चुकता. जाऊन-येऊन सहा किलोमीटर. गावात विचारलं कुणी तर म्हणायची, विहिरीकडे जाते. ते सगळ्यांना पटायचं. काहीतरी निरोप असेल.

आणि सोळाव्या हातावर पाणी लागलं. सकाळी, मी शाळेत असताना. मी गेले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. कडेला नारळ फोडलेला, सखारामची बायको गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवत म्हणाली, "लागला गो बाय, लागला!" मी खाली वाकून पाहिलं. एक मळकट चकाकी, परातीएवढी. सखाराम बाहेर बसून कुदळीचा दांडा काढत होता, पूर्ण अंगाने बाहेर, आणि मला तो अनोळखी वाटला. दुसऱ्या दिवशी ती दोघं गावाला परत जाणार होती. "आता तू कित्याक येतलंस?" तो सहज म्हणाला. गूळ चघळत मी घरी परतले. नंतरचे चार दिवस मी गेले नाही. इंजिनाच्या झाकणावर बसून चढावरून गेले तेव्हा विहीर दीड सेकंद दिसली. माझे पाय तेव्हा खाली हालत होते, आपसूक, जागच्या जागी. पांडुरंगकाका म्हणाले, "मुंगयो चावतत काय गे?" चौथ्या दिवशी, म्हणजे बुधवारी, मला वाटलं, संध्याकाळचं काही खरं नाही. संध्याकाळपर्यंत दिवसभराची कारणं जमतात. सकाळी ती अजून झोपलेली असतील. आणि शाळेत तर जायचंच असतं.

गुरुवारी सव्वासहाला मी गणवेश घालून, दप्तर पाठीला लावून निघाले. आईला म्हटलं, आज चालत जाते. ती चुलीपाशी होती, तिने "हं" म्हटलं. पुढे ती शपथेवर सांगणार होती की तिने ते ऐकलंच नव्हतं. बाबा गाडी धुवायला गेले होते. तांबडं फुटत होतं. ना विहीर, ना पैज, कुणाचं 'उद्या' नाही. मी वाट बघत होते की पाय म्हणतील, मग कशाला? ते म्हणाले नाहीत. काजूची पहिली बोंडं पिकली होती, वास बदलला होता, मोहोराचा राहिला नव्हता. माझ्या श्वासाला एक चाल सापडली आणि तिच्यात मी बसले, जशी झोपेत बसते तशी, पण टक्क जागी. डोक्यात विचार येत होते आणि बाजूने निघून जात होते, ट्रकसारखे, आणि मी त्यांना हात करत नव्हते. मला आठवतं, मी स्वतःशी म्हटलं, अरे, इथे तर मीच आहे. इतकं साधं. कुणी बघत नाहीये आणि तरी मी आहे, आणि बरी आहे!

त्या भरात मी थांब्यांवरच्या लोकांना हात काय केले, ओरडले काय! गुरुवार म्हणजे पेडण्याचा बाजार. पहिल्या थांब्यावर लक्ष्मीमावशी भाजीची हारी घेऊन बसली होती, तिच्याबरोबर आणखी दहाबारा जण.

"काय गे क्षमा, चलत?" तिने डोळे मोठे केले. "गाडी खंय?"

"मी चलत जातंय!" मी म्हटलं आणि हसले.

"बापूस बरो मां?"

"बरो आसा गे मावशे!" मी म्हटलं, आणि न थांबता पुढे. पाठीमागे त्यांची कुजबुज ऐकली, पण माझ्या कानात तेव्हा माझाच श्वास होता. टपालपेटीच्या थांब्यावर तसंच. एक म्हातारा म्हणाला, "बिचारा, हसता बघ कसा." मला वाटलं कौतुक करतोय. चढावर माझ्या बाजूने एक टेंपो गेला, माणसांनी आणि हाऱ्यांनी गच्च भरलेला, आणि मागच्या फळीवरून लक्ष्मीमावशीने मला हात केला, जपून, आजाऱ्याला करतात तसा. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

मग मागून गाडीचा आवाज आला. तो मी हजारांत ओळखीन. ब्रेक लागले. दार उघडलं. "चड," बाबा म्हणाले.

"नाय बाबा, आज मी चलत."

"चड म्हणतंय."

"बाबा, खराच. माका आवडता."

त्यांनी दार लावलं नाही. मी चालू लागले, तर गाडी माझ्यामागे, पहिल्या गिअरमध्ये, माझ्याच चालीने. मला हसू आवरेना. मला वाटलं बाबा गंमत करतायत, मला सोबत करतायत. अर्धा फर्लांगभर आम्ही असे गेलो, मी पुढे आणि माझ्यामागे ती एवढी मोठी निळी बस, मुंगीच्या पावलांनी. मी वळून आत बघितलंसुद्धा नाही. मग एकदम गिअर खरकला, बाबा मला ओलांडून गेले, आणि त्या धुरळ्यात मला पहिल्यांदा दिसलं, की मागची काच आरपार दिसतेय. मध्ये डोकी जवळजवळ नाहीतच.

दुपारी गाडीत चढले तेव्हा माझ्या जागेवर, इंजिनाच्या झाकणावर, कुणाची तरी कांद्याची पिशवी ठेवली होती. बाबांनी ती काढली नाही. मी मागे उभी राहिले. पांडुरंगकाका तिकिटं फाडत माझ्यापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "आज बाजाराचे पयले खेपेक कितले माणूस म्हायत आसा? आठ. आनी एक कोंबो."

"कित्याक?"

"कित्याक म्हणान विचारता! जयरामाचा चेडू चलत गेला म्हणजे गाडी मोडली, नायतर जयराम आडवो पडलो. लोकांनी तुका बघला आनी टेंपो धरलो. इतके वर्सां गाडी वेळेर येता, तरी लोकांक घड्याळाचो नाय, तुझो भरवसो."

आणि मग ते प्रत्येक थांब्यावर झालं. गाडी थांबली, कुणीतरी चढलं, बाबांकडे बघून म्हणालं, "जयराम, बरो मां रे? सकाळी चेडू बिचारा चलत…" बाबा समोर बघत. एक जण म्हणाला, "घरात कायतरी झाला काय? म्हातारी बरी आसा?" माझी आजी मरून सहा वर्षं झाली. मला हसू येत होतं, पण मी ते ओठांतच दाबलं. बाबांच्या मानेवरून मला त्यांचा राग कळतो. पण हा राग नव्हता. ती मान मी एकदाच तशी पाहिली होती, दोन वर्षांपूर्वी भाषेच्या आंदोलनात, डिसेंबरमध्ये. रस्त्यावर झाडं तोडून टाकली होती आणि गाडी अंगणात उभी होती. मालकाचा निरोप आला म्हणून बाबा पेडण्याला चालत गेले होते. चालत परत आले तेव्हा आईने तांब्या पुढे केला तरी त्यांनी पाय धुतले नाहीत, ओट्यावर ते पसरून नुसते बघत बसले. मी तेव्हा समजले होते, दमले.

जेवायला बसलो. भात, तिसऱ्यांचं कालवण. बाबा पहिल्या घासानंतर म्हणाले, "आता परत नाय."

"काय परत नाय?" आई म्हणाली.

"तिका विचार. चलान गेला शाळेक. सगळ्या लोकांक दाखवन."

"एकट्या?" आईचा हात थांबला. "चेडवान असा हायवेर एकट्यान चलाचा? उद्या कोणी सोयरीक घेऊन इलो म्हणजे काय सांगाचा, चेडू रस्त्यार असता?"

"चौदा वर्षांची आसंय मी, आई. कोण येता सोयरीक घेऊन?"

"तोंड बघ!"

बाबांनी आवाज वाढवला नाही, त्यामुळे मला जास्त ऐकू आलं. "पाळयेच्या लोखंडाच्या खाणीर आसताना," ते ताटाकडे बघत म्हणाले, "डिचोलेसून साडेतीन कोस चलत जावचो आनी चलत येवचो. तीन वर्सां. पाय गुडघ्यापर्यंत तांबडे, रातचे धुतलंय तरी आंथरूण तांबडा. बाजूसून मालकाची जीप जाय. तेव्हा ठरयलंय, जल्मात एकदा गाडयेर बसान आनी माझ्या पोरांक खाली उतरूक दिवचंय नाय. आनी तू आज तसाच रस्त्यार. माझीच गाडी मागे रिकामी, आनी तू पुढे चलतंस."

हे मला माहीत नव्हतं. खाण माहीत होती, तीन वर्षं माहीत होती. त्या गोष्टी आमच्या घरात जुन्या भांड्यांसारख्या फळीवर असतात. पण पहिल्या गिअरमध्ये माझ्यामागून येताना त्यांना काय दिसत होतं ते माहीत नव्हतं. मला त्यात माझी पाठ दिसली, दप्तर लावलेली. आणि त्यांना त्या पाठीत कोण दिसलं असेल तेही दिसलं. दोन महिन्यांपूर्वीची मी असते तर तिथेच म्हणाले असते, बरं बाबा, नाही जाणार. ते सोपं होतं, आणि त्यात प्रेमही होतं, खोटं नव्हतं. कालवण निवत होतं. आई माझ्याकडे बघत होती, मी तेच म्हणणार म्हणून. मी आत शोधलं, तर ते वाक्य तिथे होतं. पण त्याच्या बाजूला सकाळचा तो श्वासही होता, अजून चालत असलेला, आणि माझ्या पोटऱ्या पाटाखाली दुखत होत्या, छान दुखत होत्या. हे दुखणं माझं होतं. बाबांचं त्यांचं होतं. मी त्यांचं पुसून टाकू शकत नव्हते, आणि ते पुसण्यासाठी माझं देऊनही टाकू शकत नव्हते.

उष्ट्या हाताने मी उभी राहिले. जेवताना असं उठत नाहीत, मला माहीत आहे.

"आई, बाबा, आयका. उद्या मी सव्वासहाक चलत जातलंय. परवाय. परीक्षा झाली तरी जातलंय. मी विचारतंय नाय, सांगतंय." आई काहीतरी म्हणायला लागली, पण मी थांबले नाही. "दर थांब्यार उभी रवान मीच सांगतलंय, बाबा बरे आसत, गाडी बरी आसा, मागसून येता, टेंपोत चढू नकात. एकय माणूस चुकूचो नाय. आनी बाबा, गाडी रिकामी आसली तरी, भरलेली आसली तरी, माका बघून ब्रेक मारू नकात. तिसऱ्यात घालून सरळ पुढे जावा."